सबुरीकाका आणि क्यूचं बटण

सबुरीकाकांचं खरं नाव ऑफिसात फारसं कुणाला आठवत नसे. कुणी नवी कल्पना घेऊन उड्या मारत आलं की ते खुर्ची मागं सरकवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "जरा सबुरीनं." एवढ्यावरून नाव पडलं आणि चिकटलं. काकांनाही ते आवडत असावं, कारण फोन उचलला की ते स्वतःच "सबुरी बोलतोय" म्हणायचे.

त्यांचं काम मात्र चारचौघांना सांगून पटण्यासारखं नव्हतं. इंटरनेटवरची पानं ज्यातून बघतात तो ब्राउझर बनवणारी एक छोटी कंपनी होती, वर्दळीच्या रस्त्यावर, चपलांच्या दुकानावरच्या मजल्यावर. तिथं बसून काका ठरवत, की कीबोर्डावरची कुठली बटणं एकदम दाबली की काय व्हावं. घरी आलेल्या पाहुण्यानं चुकून विचारलंच, "म्हणजे दिवसभर नेमकं काय करता?" तर काका खुलून सांगायला लागत आणि पाहुणा थोड्याच वेळात घड्याळाकडे बघायला लागे.

पण काम खरोखर गुंत्याचं होतं. बटणं मोजकी आणि मागणारे गावभर. ब्राउझरला बटण हवं, त्यात उघडलेल्या पानांना हवं, कॉम्प्युटरच्या मूळ यंत्रणेनं तर निम्मी आधीच बळकावलेली. त्यात कुठल्या तरी भाषेच्या कीबोर्डावर एखादं अक्षर भलत्याच कोपऱ्यात असतं, तिथं आपला शॉर्टकट, म्हणजे एकदम दाबायची ती बटणं, दाबायचा म्हणजे बोटांची सर्कस. म्हणून काकांचं टेबल कायम कीबोर्डांनी भरलेलं असे. नवे, जुने, अक्षरं पुसलेले, एक तर चहा सांडून अर्धा मेलेला. नवा शॉर्टकट आला की काका तो या सगळ्यांवर डाव्या हातानं, उजव्या हातानं आणि एकदा मुद्दाम न बघता दाबून पाहत. मग "चालेल" म्हणत, किंवा चष्मा कपाळावर जाई.

त्यांचा खरा जीव होता डिफॉल्टवर. डिफॉल्ट म्हणजे आपण काहीच बदललं नाही तर जे आपोआप असतं ते. "हौशी माणूस सेटिंगमध्ये जाऊन आपल्याला हवं ते करून घेतो, त्याची मला चिंता नाही," काका म्हणत. "जो तिकडे कधी फिरकतच नाही, त्याचं कोण बघणार?" हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत की त्यांच्या पाठीमागं ऑफिसातली पोरं ते नुसत्या ओठांनी म्हणून दाखवत.

आणि गंमत बघा, हेच काका स्वतःच्या घरी काय करत होते! घरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी एक बटण धड मूळ कामाला ठेवलं नव्हतं. ऑफिसात जे जे नामंजूर होई, ते ते घरी मंजूर. बायकोनं तर केव्हाच हात टेकले होते. ती कीबोर्डाला शिवत नसे, माऊस धरून आपलं काम उरकी आणि उठे. "यांच्या कीबोर्डावर काय दाबलं की काय होईल ते यांनाच माहीत," असं ती आल्यागेल्याला सांगत असे.

अशा घरात अक्का राहायला आली.

अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. काकांचे केस पिकले तरी ती त्यांना "बारक्या"च म्हणायची, आणि तेही ऑफिसातले लोक घरी आलेले असताना, मोठ्यानं. तरुणपणी ती नकाशांच्या कचेरीत होती. तिच्या हातच्या रेघा बघून वरचे साहेब तोंडात बोट घालत. मग आई अंथरुणाला खिळली आणि अक्का घरी बसली ती बसलीच. आई गेल्यावर तिला एकटीला त्या मोठ्या घरात ठेवणं काकांच्या जिवावर आलं, म्हणून ते तिला आपल्याकडे घेऊन आले. तिच्या बोटांचे सांधे आता धरले होते, पण स्वस्थ बसणं तिच्या रक्तात नव्हतं. सगळी कपाटं आवरून झाली, खिडक्या पुसून झाल्या, आणि एका सकाळी ती कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसली.

"बारक्या, मला हे शिकव. मला काम करायचंय."

"अगं, आता जरा आराम कर की."

"आराम करून कंटाळा आला. तू शिकवतोस की शेजारी जाऊन शिकू?"

काकांना आतून आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. त्यांचं बटणपुराण आपण होऊन ऐकायला आलेलं घरातलं हे पहिलंच माणूस. रोज संध्याकाळी दोघं भावंडं कॉम्प्युटरच्या टेबलाशी बसत. अक्का शिकायला चलाख होती, पण एका ठिकाणी घोडं अडलं. चुकून बंद केलेली टॅब, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडलेलं एखादं पान, परत आणायला तीन बटणं एकदम दाबावी लागतात, कंट्रोल, शिफ्ट आणि टी. अक्काची बोटं तेवढी फाकत नसत. ती ओठ घट्ट मिटून पुन्हा पुन्हा प्रयत्न करी, आणि ते काकांना बघवेना. त्यांनी ते काम तिच्यासाठी कंट्रोल आणि क्यूवर आणून ठेवलं. दोनच बटणं, डाव्या हाताशी.

"चुकलं की क्यू," काका म्हणाले.

"चुकलं की क्यू," अक्कानं घोकलं.

आता इथं एक गोष्ट सांगून टाकायला हवी. काकांच्या कंपनीच्या ब्राउझरमध्ये, म्हणजे तो असलेल्या जगातल्या बाकी सगळ्या कॉम्प्युटरांवर, कंट्रोल आणि क्यू दाबलं की अख्खा ब्राउझर बंद होत असे. सगळ्या टॅबा, त्यात लिहिलेलं अर्धंमुर्धं, सगळं एका फटक्यात, न विचारता. त्याच्या अगदी शेजारी डब्ल्यू, त्यानं एकच टॅब बंद होते. बोट जरा घसरलं की गेलं सगळं. काही वर्षांपूर्वी ऑफिसात यावर चांगली वादावादी झाली होती. क्यू दाबल्यावर आधी विचारावं, असं काही जणांचं म्हणणं होतं. आणि नको म्हणणारे होते सबुरीकाका. लोकांच्या बोटांना सवय झाली आहे, उगाच मध्ये प्रश्न टाकला तर वैतागतील, जरा सबुरीनं. त्यांचा शब्द राहिला. आणि त्याच आठवड्यात त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवरून क्यूचं ते काम काढून टाकलं, कारण त्यांचं स्वतःचं बोट दोनदा घसरलं होतं. यात काही विसंगत आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही.

अक्काला काम मिळालं ते एका दवाखान्यात. काचेच्या पार्टिशनमागं बसायचं, फोन घ्यायचे, आलेल्यांची नावं क्रमानं पानावर भरायची आणि शेवटी सगळी एकदम पाठवून द्यायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "महिनाभर बघू, जमलं तर कायम करू." पहिल्या दिवशी अक्का इस्त्रीची साडी नेसून निघाली तेव्हा काका तिला दवाखान्याच्या दारापर्यंत सोडायला गेले आणि तिनं हाकलेपर्यंत तिथंच घुटमळत राहिले.

दवाखान्यातला ब्राउझर काकांच्याच कंपनीचा होता. अक्कानं घरी आल्यावर ते अभिमानानं सांगितलंही. काका खूश झाले. त्यांच्या डोक्यात एवढाही प्रकाश पडला नाही, की दवाखान्यातला क्यू आणि घरचा क्यू एक नाही.

सुरुवातीचे दिवस अक्कानं एकही चूक केली नाही, हीच खरी पंचाईत झाली. मग एका सकाळी दवाखाना गच्च भरला. बाकांवर जागा नव्हती, एका बाळाचं रडणं टिपेला पोचलं होतं, मफलरवाले आजोबा काचेवर टकटक करत होते आणि फोन वाजायचा थांबत नव्हता. औषधाच्या दुकानाचा नंबर शोधायला उघडलेली टॅब बंद करताना अक्कानं चुकून तपासणीच्या अहवालांची टॅब बंद केली. ती अजिबात घाबरली नाही. चुकलं की क्यू.

पडदा रिकामा झाला. सकाळपासून भरलेली सगळी नावं गेली.

"अहो, माझा नंबर कितवा?" मफलरवाल्यांनी विचारलं, आणि अक्काला सांगता येईना. मग काय, बाकांवरचे सगळेच्या सगळे पहिले झाले. दारात आत्ता पाऊल ठेवलेला गृहस्थसुद्धा आपण पहाटेपासून बसलो आहोत असं शपथेवर सांगू लागला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांनी सगळ्यांना शांत केलं आणि अक्काला एवढंच म्हणाल्या, "असू दे, होतं असं." पण ज्या आवाजात त्या ते म्हणाल्या, तो आवाज अक्काला नीट कळला.

काका घरी आले तेव्हा अक्का अंधाऱ्या खोलीत बसली होती. "मी आता जात नाही तिथं," ती म्हणाली. "ते मला जमायचं नाही."

"पण झालं काय?"

अक्कानं सांगितलं. क्यूपर्यंत गोष्ट आली आणि काकांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. मग खाली बघत म्हणाले, "अक्का, तुझी काही चूक नाही. ते क्यूचं मी फक्त घरी करून ठेवलंय. बाहेर त्यानं सगळं बंद होतं."

"म्हणजे तुझ्या घरचं बटण वेगळं आणि लोकांचं वेगळं?"

"लोकांचं असं पटकन बदलता येत नाही गं."

"का? ते कोण ठरवतं?"

बायको दारात उभी होती, तिनं उत्तर दिलं. "हेच ठरवतात."

काका घाईघाईनं म्हणाले, "मी येतो ना दवाखान्यात. तुझ्या कॉम्प्युटरवर सगळं घरच्यासारखं करून देतो, मग तर झालं?"

"तो कॉम्प्युटर माझा आहे का?" अक्का एकदम उसळली. "दुपारी तिथं दुसरी मुलगी बसते. तिला विचारलंस? तुम्हा लोकांना विचारायचं कधी सुचतच नाही. आईचं दुखणं आलं तेव्हाही मीच राहणार, असं धरून चाललात सगळे. तू बॅग भरून शिकायला गेलास. माझी कचेरी सुटली. मला विचारलं होतं कुणी?"

काकांना ते दिवस आठवले. खरंच, त्यावर घरात कधी बोलणंच झालं नव्हतं. अक्का आहे, असं सगळे म्हणाले होते आणि ते तिथंच मिटलं होतं. त्यांना इतकी शरम वाटली की त्या संध्याकाळी त्यांना नीट जेवणही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी अक्का बाहेर आली तर काका कॉम्प्युटरसमोर बसून आपली लाडकी सेटिंगं एकेक करून पुसत होते. इतक्या वर्षांची मेहनत होती ती, चेहरा बघण्यासारखा झाला होता. सगळं पुसून झाल्यावर ब्राउझर अगदी मुळात असतो तसा उरला.

"बस," ते अक्काला म्हणाले. "आता दोघं मिळून शिकू."

आणि काय सांगावं, त्या बटणांवर काकाच जास्त अडखळत होते! स्वतः ठरवलेली बटणं, पण हातांना त्यांची ओळखच नाही. एक दाबायला जावं तर तिसरंच काही उघडे. अक्का त्यांच्यापेक्षा लवकर सरावली. तीन बटणांचं तिनं दोन्ही हातांनी दाबून जमवलं. काका मात्र इरेला पेटून ऑफिससाठी एक लांबलचक मजकूर लिहायला बसले, जवळजवळ संपवलाही, आणि टॅब बंद करायला म्हणून डब्ल्यूकडे निघालेलं त्यांचं बोट क्यूवर पडलं.

त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो लिहिण्यासारखा नाही. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. अक्काला आधी हसू फुटलं, आणि मग ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटली. "अरे, तुझंही होतं म्हणजे! मग मी काही एवढी ढ नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुणी न सांगता दवाखान्यात गेली.

काकांनी ऑफिसात गेल्या गेल्या विषय काढला. तिथल्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, क्यू आहे तसा ठेवा म्हणून तुम्हीच तर भांडला होतात."

"भांडलो होतो. चुकलो," काका म्हणाले. "माझं एवढंच मागणं आहे. आज सगळ्यांनी आपापली सेटिंगं काढून टाका आणि आपण लोकांना जे देतो त्यावर एक दिवस काम करा."

सगळे खो खो हसले, आणि मग एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. कारण असं निघालं की ब्राउझर बनवणाऱ्या त्या खोलीत एकही माणूस आपला ब्राउझर मूळ रूपात वापरत नव्हता. प्रत्येकानं आपल्यापुरतं सुधारून घेतलं होतं. दुपारच्या चहापर्यंत दोघांचं काम क्यूनं गिळलं, एक जण कीबोर्ड आपटून बाहेर जाऊन आला, आणि मोठ्या बाईंचं अर्धं लिहिलेलं पत्र गेलं तेव्हा तर अख्ख्या मजल्यानं आपापल्या पडद्यात तोंड खुपसलं.

संध्याकाळी ठरलं. कुठल्याही टॅबमध्ये काही लिहून अर्धवट राहिलं असेल, तर क्यू दाबल्यावर आधी विचारायचं. ज्याला तो प्रश्न नको असेल त्यानं सेटिंगमध्ये जाऊन काढून टाकावा. पण न विचारता सगळं बंद, हे आपणहून कुणाच्या माथी मारायचं नाही.

बदल लोकांपर्यंत पोचला आणि शिव्यांचा पाऊस पडला. "माझ्या बोटांना विचारलं होतंत का?" असं एकानं कळवलं. काकांना ते मनोमन पटलं. त्या माणसाला त्यांनी क्षमा मागून, प्रश्न कसा बंद करायचा ते सविस्तर लिहून पाठवलं. दवाखान्यातून मात्र अक्का एक दिवस फुलून आली. गर्दीत तिचं बोट घसरलं होतं, पडद्यावर प्रश्न आला होता आणि तिनं शांतपणे "नाही" दाबलं होतं. महिना संपला तशी डॉक्टरीणबाईंनी तिला कायम केलं.

त्यानंतरचे दिवस काकांच्या घराला फार सुखाचे गेले. संध्याकाळी अक्का दवाखान्यातल्या नकला करून दाखवी. बायकोसुद्धा कीबोर्डावर हात ठेवू लागली, कारण आता काय दाबलं की काय होईल ते कळत होतं. हे असंच चालणार, असं काका समजून चालले होते.

एका रविवारी अक्का न्हायला गेली होती आणि तिचा फोन वाजला. काकांनी उचलला. डॉक्टरीणबाई होत्या. नदीपलीकडे त्या दुसरा दवाखाना उघडत होत्या. तिथलं सगळं टेबल अक्कांनीच सांभाळावं, असं त्यांना वाटत होतं. वरच्या मजल्यावर राहायला जागाही होती. "येतील का हो त्या?"

"छे हो, ती कुठली येतेय," हे वाक्य काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "तिलाच विचारा," ते म्हणाले.

अक्का ओले केस पुसत आली, फोन घेऊन गॅलरीत गेली, बराच वेळ बोलली. परत आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. "पुढच्या महिन्यापासून जाते म्हणून सांगितलं," ती म्हणाली. मग भावाकडे बघून, "रागावलास?"

"नाही," काका म्हणाले. "मला वाटलं होतं, तू आता इथंच राहशील. कायमची."

"वाटलं होतं, तर मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर राहिली असतीस?"

अक्कानं खरोखर विचार केला. टॉवेल खांद्यावर टाकून ती खुर्चीवर बसली. "नसते राहिले," ती म्हणाली. "पण बरं वाटलं असतं."

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा चढवला, आणि लहान असताना तिच्याकडे काही मागायचं असलं की बघत तसं जमिनीकडे बघत विचारलं, "अक्का, राहतेस का गं इथंच?"

"नाही रे, बारक्या," अक्का म्हणाली. एवढं मोकळं, आनंदाचं "नाही" काकांनी तिच्या तोंडून आयुष्यात ऐकलं नव्हतं.